नव्या घराचे नेटवर्क वायरिंग : तालुक्याच्या दुकानाने केलेले काम

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी घर बांधताना इंटरनेट, टीव्ही आणि कॅमेऱ्यांचे वायरिंग प्लास्टरपूर्वीच व्हावे, म्हणून ते काम तालुक्याच्या एका दुकानाकडे दिले. कारागिराने प्रत्येक खोलीची कॅट-६ केबल (नेटवर्कसाठीची, आत तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असलेली) जिन्याखालच्या एकाच पेटीत आणली, विजेच्या वायरींपासून तिचा पाइप वेगळा ठेवला आणि दोन्ही टोकांना खोलीच्या नावाची चिठ्ठी लावली. ही शिस्त मला मनापासून आवडली.

तक्रार केबलची आहे. पहिल्या बंडलातील तार ब्लेडने खरवडली, तेव्हा तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम दिसले. गोठ्यावरच्या कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते आणि ॲल्युमिनियमचा विजेला होणारा रोध तांब्यापेक्षा जास्त असल्याने लांब अंतरावर विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो, म्हणून मी शुद्ध तांब्याचाच आग्रह धरला. दुकानदाराने बंडल बदलून दिले, पण त्यात चार दिवस गेले आणि मिस्त्री खोळंबला. गोठा ७० मीटरवर आहे. अशा केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत असल्याने मध्ये नेटवर्क स्विच (सिग्नल पुढे पाठवणारी पेटी) लागला नाही.

पुढे केबल ओढता यावी म्हणून गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप दोरी ओवून ठेवायला सांगितले होते, तेवढे मात्र राहून गेले.