शिक्षकांचा थकवा: स्वतःच्या काळजीची कोणती सवय आधी लावावी?

शिक्षकांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी याविषयीचे सल्ले आता पुष्कळ मिळतात आणि त्यांतले बहुतेक चुकीचेही नसतात. चालावे, प्राणायाम करावा, पुरेसे झोपावे, रोजनिशी लिहावी, मोबाइल दूर ठेवावा, मनातले कोणाशी तरी बोलावे. परंतु परिपाठाने सुरू होऊन रात्री ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत लांबणाऱ्या दिवसात हे सगळे करणे कोणालाच शक्य नसते, आणि सगळे एकदम करायला घेतले की आठवड्याभरात सगळेच सुटते. म्हणून ज्या शिक्षकाच्या किंवा शिक्षिकेच्या हाती दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास उरतो, त्यांनी तो कोठे लावावा, एवढ्याच प्रश्नापुरती या सवयींची तुलना येथे केली आहे.

निवडीच्या आधी आपला थकवा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. तेथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे निर्माण होणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था असे त्याचे वर्णन आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामावरून मन उडणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना बळावणे. शाळेत ही अंगे अगदी ओळखीच्या रूपांत दिसतात. पहिल्या अंगाचा शिक्षक घरी आल्यावर कपडे न बदलता तसाच पडून राहतो. दुसऱ्या अंगाच्या शिक्षकाला ‘ही मुले सुधारणारी नाहीतच’ असे वाटू लागते आणि तो वर्गावर जातो तो केवळ तास संपवण्यासाठी. तिसऱ्या अंगाची शिक्षिका उत्तम शिकवत असूनही निकालाच्या टक्केवारीपुढे आपली सगळी मेहनत व्यर्थ मानते. तिघांचे औषध एक नाही.

तुलनेसाठी मी चार कसोट्या धरल्या आहेत: सवयीला वेळ किती लागतो, ती पाळण्यासाठी दुसऱ्या कोणाची संमती लागते का, तिचा उपयोग वरीलपैकी कोणत्या अंगाला होतो, आणि ती डोक्यावरचे ओझे उतरवते की दिवसभराच्या कामांत आणखी एका कामाची भर घालते. शेवटची कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आधीच दमलेल्या माणसाला नवे कर्तव्य नको असते.

चालणे की प्राणायाम?

या दोन सवयी बहुधा जोडीने सुचवल्या जातात, पण त्यांचे काम वेगळे आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालले तरी ती पूर्ण होते. ‘दिवसभर उभेच असतो, आणखी चालायचे कशाला’ असे अनेक शिक्षक म्हणतात. मात्र फळ्यासमोर उभे राहणे आणि चालणे यांत शरीराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साचते आणि पाय जड होतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून तेच रक्त वर ढकलतात. चालण्याला कोणाची परवानगी लागत नाही, चालण्याने झोप सुधारते, आणि शाळा व घर यांच्यामध्ये स्वतःचा असा थोडा वेळ मिळतो. जे एसटीने किंवा लोकलने अप-डाऊन करतात, त्यांना एक थांबा आधी उतरूनही हे साधता येते. उणी बाजू अशी की भर पावसाळ्यात, अंधार लवकर पडणाऱ्या दिवसांत, किंवा घरी लहान मूल वाट पाहत असताना ही सवय सर्वांत आधी मोडते, आणि तिचा सर्वाधिक फटका शिक्षिकांना बसतो.

प्राणायामाला वा साध्या श्वसनाला पाच मिनिटे पुरतात आणि ऑफ तासाला खुर्चीत बसूनही तो करता येतो. चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती किंचित मंदावते आणि शरीर सैलावते. एखाद्या वर्गात खडाजंगी झाली आणि लगेच दुसऱ्या वर्गावर जायचे असेल, तर त्या दोन वर्गांमधल्या मिनिटभरात याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. तथापि हा तात्पुरता उतारा आहे. ज्याच्या टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग आहे त्याचा ढीग श्वसनाने कमी होत नाही. अर्धा तास खर्च करायचा असेल तर मी चालण्याला झुकते माप देईन आणि श्वसन शाळेतल्या अडचणीच्या क्षणांसाठी जवळ ठेवीन.

मोबाइलची वेळ आणि झोप

रात्री सात तास झोप हवी हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही झोप ही स्वतंत्रपणे लावता येणारी सवय आहे असे मला वाटत नाही. ती दुसऱ्या दोन-तीन सवयींचे फळ असते. त्यांतली एक म्हणजे चहा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच ते सहा तास लागतात, त्यामुळे शाळा सुटताना स्टाफरूममध्ये घेतलेला शेवटचा कप रात्री अंथरुणावरही आपले काम करत असतो. दुसरी, आणि फार मोठी, म्हणजे मोबाइल.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाच्या फोनवर शाळेचा, केंद्राचा (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा आणि पालकांचा असे निरनिराळे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात. मतदार यादीचे काम असेल तर बीएलओंचा, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचा, वेगळा. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस या शाळांच्या ऑनलाइन माहिती प्रणालीतली दुरुस्ती, एखाद्या उपक्रमाचे फोटो, आणि रात्री नऊच्या सुमारास येणारा ‘माहिती तातडीने आजच पाठवावी’ हा संदेश. यात प्रत्यक्ष कामापेक्षा अधिक दमवणारी गोष्ट म्हणजे काम केव्हाही येऊ शकते ही टांगती तलवार. त्यामुळे शिक्षक घरी असूनही घरी नसतो.

ग्रुपना वेळेची मर्यादा घालण्याच्या सवयीला वेळ मुळीच लागत नाही, उलट वेळ मिळतो. साडेआठला सगळे ग्रुप एकदा पाहावेत, जे आवश्यक आहे त्याला उत्तर द्यावे, आणि मग सकाळपर्यंत सूचना बंद ठेवाव्यात. मुख्याध्यापकांचा आणि घरच्यांचा फोन मात्र लागू द्यावा. पालकांना फोन करण्याची वेळ जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत सांगून टाकली, तर बहुतेक पालक ती पाळतात. या सवयीची अडचण एकच, पण खरी आहे: ती एकट्याच्या हातात नसते. कायम नोकरीतल्या ज्येष्ठ शिक्षकाला जे जमते ते सुरुवातीची वर्षे मानधनावर काम करणाऱ्या शिक्षणसेवकाला किंवा विनाअनुदानित संस्थेतल्या तरुण शिक्षिकेला जमेलच असे नाही. अशांनी एकट्याने पवित्रा घेण्यापेक्षा सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून मुख्याध्यापकांशी बोलून वेळ ठरवून घ्यावी. तरीही चारही कसोट्या एकत्र पाहता मी हिलाच पहिला क्रमांक देतो, कारण ही सवय भर घालत नाही, वजा करते.

वह्यांचा हिशेब आणि रोजनिशी

माध्यमिक शाळेतल्या भाषेच्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. साठ मुलांच्या चार तुकड्या म्हणजे २४० वह्या. एका वहीला दोन मिनिटे धरली तरी आठ तास होतात, आणि हे आठ तास शाळेच्या वेळात कुठेही बसत नाहीत; ते रविवारी बसतात. तिने दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या पंधराच वह्या बारकाईने तपासल्या, त्यांत आढळलेल्या सामाईक चुका फळ्यावर घेऊन सगळ्या वर्गाकडून दुरुस्त करून घेतल्या, आणि पुढच्या आठवड्यात पुढचे पंधरा क्रमांक घेतले, तर काम दोन तासांवर येते आणि महिन्याभरात प्रत्येक मुलाची वही एकदा नीट पाहिली जाते. प्रत्येक पानावर घाईने ओढलेल्या लाल टिकेपेक्षा हे मुलांच्याही हिताचे आहे. याला स्वतःची काळजी म्हणणे काहींना विचित्र वाटेल, पण आठवड्याला सहा तास वाचवणारी दुसरी सवय मला माहीत नाही. शाळा तपासणीला येणारे अधिकारी सगळ्या वह्या पाहतील ही भीती रास्त आहे. म्हणून पद्धत बदलण्याआधी मुख्याध्यापकांना ती समजावून सांगावी आणि टाचण वहीत (पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत) आठवड्याचे क्रमांक नोंदवून ठेवावेत.

रोजनिशीला दहा मिनिटे लागतात आणि कोणाची संमती लागत नाही. मात्र दिवसभराच्या तक्रारी लिहून काढणे आणि रोजनिशी यांत अंतर ठेवावे. मनात खोल रुतलेल्या प्रसंगाविषयी काही दिवस सलग लिहिल्याने हलके वाटते, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. रोज त्याच कटकटी उगाळल्याने मात्र कडवटपणाच वाढतो. तिसऱ्या अंगाच्या, म्हणजे आपल्या कामाला अर्थ नाही असे वाटणाऱ्या शिक्षकाने रोज एका मुलाविषयी दोन ओळी लिहाव्यात: जोडाक्षरे चुकवणाऱ्या मुलाने आज ‘प्रश्न’ हा शब्द कोणाला न विचारता लिहिला, मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीने स्वतःहून हात वर केला. अशा नोंदी साठल्या की केलेले काम डोळ्यांना दिसू लागते. शिवाय सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी लिहाव्याच लागतात. त्या वेळी हीच वही कामाला येते आणि साचेबद्ध वाक्ये उतरवण्याची वेळ येत नाही.

सहकारी आणि आवाज

सहकाऱ्याशी बोलणे दुसऱ्या अंगाला, म्हणजे मन उडण्याला, सर्वांत उपयोगी पडते, पण कोणाशी आणि काय बोलतो यावर सगळे अवलंबून आहे. स्टाफरूममधली सामुदायिक कुरकुर मन मोकळे करत नाही. एकच विश्वासू माणूस असावा आणि ‘सातवी ब मध्ये अपूर्णांक कसे घेतलेस’ इथून बोलणे सुरू व्हावे. द्विशिक्षकी शाळेत असा माणूस जवळ नसतो. तेथे केंद्राच्या शिक्षण परिषदेत भेटलेल्या एखाद्या शिक्षकाशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलण्याची सवय ठेवता येते.

आवाजाची काळजी या यादीत क्वचितच येते, म्हणून तिचा उल्लेख आवश्यक वाटतो. पंखे, रस्ता आणि साठ मुले यांच्यावर आवाज चढवून सलग तास घेतले की संध्याकाळपर्यंत घसा बसतो, आणि बसलेल्या घशाचा शिक्षक चिडका होतो. तासागणिक दोन घोट पाणी पिणे हा साधा उपाय आहे. परंतु स्वच्छतागृह नीट नसल्यामुळे अनेक शिक्षिका शाळेत पाणी पिणेच टाळतात, आणि त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. अशा शाळेत पाण्याची बाटली बाळगण्याचा सल्ला अपुरा आहे. स्वच्छतागृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीसमोर लेखी ठेवणे, हीच तेथे स्वतःची काळजी ठरते.

कोणी काय निवडावे

शरीर थकले असेल तर चालणे आणि दुपारनंतरचा चहा बंद. मन उडाले असेल तर मोबाइलची मर्यादा आणि एक विश्वासू सहकारी. कामाविषयी निराशा असेल तर दोन ओळींची वही. वह्यांचा ढीग ज्यांच्या घरी येतो त्यांनी बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तो हिशेब करावा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या शिक्षिकेला नवीन अर्धा तास शोधायला सांगणे अन्यायाचे होईल. तिने वेळ वाचवणाऱ्याच सवयी घ्याव्यात.

या सवयी व्यवस्थेची जबाबदारी आपल्या अंगावर घेण्यासाठी नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, आणि प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्यात आहे. रिक्त पदांवर आणि वाढत्या कामांवर संघटनांनी बोलत राहिलेच पाहिजे.

थकवा सुटीतही जात नसेल, सलग दोन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल किंवा जगण्यातच रस वाटत नसेल, तर सवयींची तुलना थांबवून डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, निःशुल्क आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

सुरुवात जूनमधल्या प्रवेशाच्या किंवा मार्चमधल्या परीक्षांच्या धांदलीत करू नये. दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला आठवडा त्यासाठी बरा. एकच सवय घ्यावी आणि महिन्याने तीन गोष्टी तपासाव्यात: रविवारी संध्याकाळी सोमवारची धास्ती वाटते का, वर्गात ओरडणे कमी झाले का, आणि रात्री पाठ टेकल्यावर झोप लागते का. तिन्हींत काहीच फरक नसेल तर ती सवय सोडून दुसरी घ्यावी.