तीन पायांची बिडाची हंडी: भांडं उत्तम, पण झाकण तपासून घ्या

परवा कंपनीचा मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले असून तक्रार बंद करण्यात येत आहे.’ हंडीचं झाकण नीट बसत नाही ही माझी तक्रार, आणि तिचं निराकरण काहीही झालेलं नाही. झाकण आलं तेव्हा जसं होतं तसंच त्यांच्या मते ठीक आहे. आता आखाड तोंडावर आलाय, घरोघरी मटणाचे बेत ठरतायत आणि या हंडीची जाहिरात पुन्हा जिकडेतिकडे दिसायला लागलीय, म्हणून लिहायला बसले. माप, किंमत, रंग सगळं जाहिरातीत आहे, ते परत सांगत नाही. मी सहा लिटरची घेतली. गेल्या नवरात्रानंतर आली, आणि नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमच्या घरामागच्या परसात लाकडांवर ती सतत वापरात आहे.

आधी झाकणाचंच सांगते. हंडीवर झाकण ठेवलं आणि एका कडेला बोटाने दाबलं की टक्‌ असा आवाज यायचा. म्हणजे झाकण डुलतंय, काठावर सगळीकडून टेकतच नाही. मी रबाळ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे हा आवाज ऐकून मला स्वस्थ बसवेना. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, आणून बघितला. कडीच्या कानाजवळ ०.८ मिलिमीटरची पत्ती सरळ आत गेली आणि तिथून जवळजवळ पाव घेरभर फिरली. समोरच्या बाजूला ०.१ ची पत्तीसुद्धा शिरेना. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ओतीव मालात एवढा फरक चालतो. बदलून हवं असेल तर पूर्ण हंडी तुमच्या खर्चाने परत पाठवा. नुसतं झाकण द्या म्हटलं, तर झाकण सुटं मिळत नाही.

रिकामी हंडीच आठ-नऊ किलोची. तिचं कुरिअर मी का भरायचं? वर बीड ठिसूळ असतं, वाटेत आपटलं तर पोचा पडत नाही, सरळ तडा जातो. तो तडा कुणाच्या नावावर पडला असता हे सांगायला नको.

‘ओतीव मालात चालतं’ हे कढईला चालेल. या हंडीला चालत नाही, कारण हिच्यात जे शिजवायचं ते सगळं झाकणावर उभं आहे. हंडी मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. तिकडे हिला पॉइकी म्हणतात आणि हिच्यात शिजलेल्या जेवणाला पॉइकीकोस. माझे धाकटे दीर जहाजावर असतात. २४ सप्टेंबरला तिकडे हेरिटेज डेची सुट्टी असते, त्या दिवशी डर्बनमध्ये एका ओळखीच्याने त्यांना घरी जेवायला नेलं. अंगणात विस्तव, त्यावर ही हंडी आणि भोवती खुर्च्या टाकून बसलेली माणसं, असं ते वर्णन करतात. डच लोक १६५२ मध्ये केपला उतरले, त्यांच्याबरोबर एका भांड्यात सगळं शिजवायची रीत तिकडे गेली असं मानतात. १८३० च्या दशकात बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच शेतकऱ्यांच्या वंशातली, कुटुंबं बैलगाड्या घेऊन आतल्या मुलखात सरकली, तेव्हा ही हंडी गाडीबरोबर असायची आणि मुक्काम पडला की विस्तवावर चढायची. तिथले आफ्रिकी लोक मक्याचं पीठही अशाच तिपायी हंडीत शिजवतात. म्हणजे उघड्यावरच्या विस्तवासाठीच घडलेलं भांडं आहे हे, शोभेचं नाही.

शिजवायची पद्धत अशी. तळाला थोडं तेल, त्यात हाडासकटचं मटण चांगलं तांबूस होईपर्यंत परतायचं. मानेचं आणि नळीचं मटण घ्यावं, कारण त्यातल्या चिवट भागाचा मंद विस्तवावर चिकट रस होतो आणि तोच रस्सा दाट करतो. मग कांदा, लसूण, मसाला. त्यावर भाज्यांचे थर. शिजायला वेळ लागणारं गाजर-बटाटा खाली, फरसबी, मशरूम असलं लवकर शिजणारं वर. पाणी वाटीभर, कधी त्याहूनही कमी. तिकडे पाण्याऐवजी वाइन किंवा बिअरही घालतात. झाकण ठेवलं की मग ढवळायचं नाही. तीन तास लागोत, चार लागोत, चमचा घालायचा नाही.

आता वाटीभर पाण्यात तीन तास मटण शिजणार कसं? वाफ घुमटासारख्या झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली ठिबकतं, परत वाफ होते. तेच पाणी फिरत राहतं. पाव घेरभर फट असली की ते बाहेर जातं. सुरुवातीला आमच्याकडे दर वेळी तेच झालं. कानाजवळून वाफेची रेघ निघताना डोळ्यांना दिसायची. तासाभरात तळ कोरडा, मग पाणी घाल, मग लागलेलं सोडवायला ढवळ. शेवटी जे व्हायचं तो आपला नेहमीचा रस्सा. तो वाईट नव्हता, पण नेहमीच्या रश्श्यासाठी मी साडेतीन हजार घातले नव्हते, त्याला घरचं पातेलं पुरतं.

मधले काही दिवस कणकेची पट्टी लावून झाकण बंद करत होते. उपाय चालतो, वाफ अडते. पण दर वेळी दोन वाट्या कणीक फेकून द्यायची हे मला पटत नाही. शिवाय पट्टी एकदा भाजून कडक झाली की मध्ये झाकण उघडून बघता येत नाही.

शेवटी जे करायला हवं होतं ते केलं, झाकण काठावर लॅप केलं, म्हणजे मध्ये खरखरीत पेस्ट लावून दोन्ही एकमेकांवर घासून बसवलं. गॅरेजला सामान देणाऱ्या दुकानात व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टची छोटी डबी मिळते, एका बाजूला जाडी पेस्ट, दुसऱ्या बाजूला बारीक. आधी हंडीच्या काठावर खडू फासला, झाकण ठेवून थोडं फिरवलं आणि उचललं. जिथला खडू पुसला गेला तिथेच झाकण टेकतंय, बाकी सगळा काठ पांढराच. मग काठाला जाडी पेस्ट लावून झाकण अर्धा वळसा पुढे, अर्धा वळसा मागे. मधूनमधून उचलून जागा बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी चर पडतो. खर्र खर्र आवाज येत राहतो आणि पेस्ट काळी होत जाते. आवाज मऊ झाला की पुसून परत खडू. हे मी आणि माझ्या नवऱ्याने आळीपाळीने केलं, दोन सुट्ट्या त्यातच गेल्या. शेवटी बारीक पेस्टचा हात मारला. खडू सगळीकडून सारखा पुसला गेला आणि ०.१ ची पत्ती कुठूनच शिरेना, तेव्हा थांबलो. नंतर हंडी-झाकण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, घासून, पुन्हा उकळून घेतलं. पेस्टमध्ये खर असते, तिचा कणही राहता कामा नये. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी करू नये. आणि खरं म्हणजे कुणावरच ही वेळ यायला नको, झाकण बसवून देणं हे ओतणाऱ्याचं काम आहे.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की हंडी घेऊच नका असं माझं म्हणणं आहे. झाकण नीट बसेपर्यंत माझं म्हणणं तेच होतं. नीट बसल्यावर ते बदललं.

पहिल्यांदा त्या झाकणाखाली मटण लावलं तेव्हा सासूबाई बाजूलाच पाट घेऊन बसल्या होत्या. “अगो ढवल जरा, खाली लागंल,” हे त्यांचं चालूच. मी म्हटलं, आई, शेतात पोपटी लावतो तेव्हा मडक्यात आपण पाणी घालतो का? मडकं मध्येच उघडतो का? भांबुर्ड्याचा पाला कोंबून तोंड बंद करतो, वालाच्या शेंगा आणि कोंबडी आपापल्या वाफेवर शिजतात ना? यावर त्या गप्प झाल्या, पण नजर हंडीवरच. बीड तापायला वेळ घेतं आणि तापलं की लवकर निवत नाही, त्यामुळे उकळी फुटायच्या जरा आधीच लाकडं मागे ओढायची आणि नुसत्या निखाऱ्यांवर ठेवायचं. मग कान देऊन ऐकायचं. आतून बारीक बुडबुड ऐकू आली की बरोबर. जोरात खदखदलं तर निखारे बाजूला करायचे, आवाज बंद झाला तर दोन आत सारायचे.

तीन तासांनी लोखंडी आकड्याने झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब लागलेले. वर फरसबी हिरवी, जागच्या जागी. गाजराच्या चकत्या ठेवल्या तशाच, एकही मोडलेली नाही, आणि कडेने तेलाची लाल रेघ. डाव खाली घातला तर तळात दाट रस, चमच्याला चिकटणारा, आणि मटण हाडापासून आपसूक सुटलेलं. तळाला काहीही लागलेलं नव्हतं. वाटीभरच पाणी घातलं होतं आणि वरून थेंबही नाही. सासूबाईंनी तांदळाच्या भाकरीबरोबर आधी नुसता रस घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दिरांना व्हिडिओ कॉलवर सगळी कृती स्वतः सांगितली. त्यानंतर आमच्या आगरी मसाल्यातलं मटणही याच पद्धतीने केलं. दीर म्हणतात ती पॉइकी नव्हे. नसेल, पण आमच्याकडे आता तीच जास्त होते.

पायांबद्दलही माझं मत फिरलं. आमच्या मातीच्या चुलीवर ही हंडी बसतच नाही, पाय आड येतात. तेव्हा हे पाय हवेतच कशाला असं वाटायचं. पण जमीन कितीही उंचसखल असो, तीन पायांचं भांडं डुगडुगत नाही. आता पायांखाली तीन विटा ठेवते, त्यामुळे निखारे आतबाहेर करायला मोकळी जागा मिळते. बाभळीच्या किंवा सुरूच्या लाकडाचे निखारे टिकतात, खोक्यांच्या फळ्या लगेच जळून राख होतात. पावसात ओली लाकडं नुसता धूर करतात, म्हणून वखारीतून आधीच आणून पत्र्याखाली रचून ठेवलीत.

फ्लॅटवाल्यांनी मात्र नीट विचार करावा. माझी बहीण ऐरोलीला सहाव्या मजल्यावर राहते, तिलाही घ्यायची होती. मी नको म्हटलं. गॅसच्या शेगडीवर ही उभी राहत नाही, आणि बंद गॅलरीत कोळसा पेटवणं जिवावरचं काम आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅससाठी सपाट बुडाचं बिडाचं भांडं घ्या, पद्धत तीच वापरा.

‘प्री-सीझन्ड’, म्हणजे तेलाचा लेप आधीच बसवलेली, असं लिहिलंय त्यावर जाऊ नका. आली तेव्हा आत चिकट थर होता, त्याला वास होता. मी गरम पाण्याने घासून काढला आणि रोजच्या वापरातल्या तेलाचा हात फिरवून, परत जवळजवळ सगळं पुसून घेऊन, धूर संपेपर्यंत तापवली. थर पातळच हवा, जाड लावला की चिकट राहतो. हे पुन्हापुन्हा केलं की काळा गुळगुळीत लेप बसतो. जवसाचं तेल महाग पडलं आणि त्याचा लेप माझ्याकडे पापुद्रे होऊन निघाला, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. टोमॅटो, चिंच, आमसूल घालून तासन्‌तास शिजवू नका, आंबटाने लेप जातो आणि रस्सा काळपट होतो. जेवणं झाली की उरलेलं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

खाडीच्या हवेत गंज फार लवकर धरतो, पावसाळ्यात तर एका रात्रीत तांबूस डाग दिसतो. आणि तो आधी कुठे धरतो? झाकणाच्या काठावर, कारण लॅपिंगमध्ये तिथला लेप गेला. तेवढ्या कडेला मला दर वापरानंतर तेल लावावं लागतं. मूळ झाकण सरळ आलं असतं तर हे काम माझ्या मागे लागलं नसतं. हंडी बंद करून ठेवताना झाकण आणि काठाच्या मध्ये कागदाची घडी घालते आणि आत वर्तमानपत्राचा बोळा.

भांड्याला माझे पाच तारे आहेत, झाकणाला आणि ग्राहक सेवेला एकही नाही. घ्यायची असेल तर पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा. तेल लावण्याआधी, विस्तवावर ठेवण्याआधी झाकण दाबून बघा, काठाला खडू लावून फिरवून बघा. एकदा वापरलं की परत घेत नाहीत, ते बिलाच्या मागे बारीक अक्षरात आहे. दुकानात जाऊन घेता आली तर तीन-चार झाकणं बदलून बघा आणि डुलत नाही ते उचला. चार-पाच माणसांना सहा लिटर भरपूर होते, दीड किलो मटण आणि वरच्या भाज्या आरामात मावतात. आठ लिटरची भरलेली एकट्याने उचलवत नाही.