थ्रीडी एम्ब्रिऑलॉजी अ‍ॅटलस: फुकट आणि भारी, पण मोबाईलवर विसरा

सदाशिव पेठेत फर्स्ट इयर एमबीबीएसच्या पोरांच्या ट्यूशन घेते, त्यामुळे एम्ब्रिऑलॉजी (गर्भ पोटात कसा घडतो तो विषय) म्हटलं की चेहरे कसे पडतात ते मला पाठ झालंय. फळ्यावर सगळं सपाट, आणि पोरांनी ते डोक्यात गोल फिरवायचं. अप्पा बळवंत चौकातून आणलेली सेकंडहँड पुस्तकं तर आधीच्या मालकाने हायलाइटरने इतकी रंगवलेली असतात की एंडोडर्मचा (गर्भाच्या सगळ्यात आतल्या थराचा) पिवळा कुठला आणि मार्करचा कुठला काही कळत नाही. तर अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांचा थ्रीडी अ‍ॅटलस (म्हणजे कॉम्प्युटरवर फिरवून बघायची गर्भाची मॉडेल्स) हल्ली मी क्लासमध्ये सर्रास लावते, त्याचा हा रिव्ह्यू.

आधी एक क्लिअर करते, कारण पालक हमखास विचारतात की मॅडम हे फोरडी सोनोग्राफीसारखं का. नाही हो! एम्ब्रिओच्या (म्हणजे पहिल्या दोन महिन्यांतल्या गर्भाच्या) वाढीच्या २३ स्टेजेस धरतात, त्यातला स्टेज १० चा एम्ब्रिओ जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो, त्याच्या आतलं सोनोग्राफीत काय डोंबल दिसणार. अमेरिकेत कार्नेगी कलेक्शन म्हणून जुना संग्रह आहे, त्यात एम्ब्रिओचे पातळ काप करून, स्टेन करून काचेवर लावलेत. त्यातले जवळजवळ १५,००० सेक्शन्स घेऊन या लोकांनी प्रत्येक अवयव कॉम्प्युटरवर हाताने रंगवून थ्रीडी मॉडेल बनवलं, एकेका एम्ब्रिओत १५० पर्यंत स्ट्रक्चर्स. साधारण ७५ स्टुडंट्स आणि ४५,००० तास लागले, २०१६ मध्ये ‘सायन्स’ जर्नलमध्ये पेपर आला. पूर्वी हेच काम मेणाचे पातळ पत्रे कापून एकावर एक रचून करायचे. (हे एम्ब्रिओ ज्या बायकांचे, त्यांना त्या काळी कोणी नीट विचारलं असेल का, हे मात्र प्रत्येक वेळी मनात येतं.)

वापरायला कसं आहे? फाइल म्हणजे थ्रीडी पीडीएफ. मोबाईलवर उघडत नाही, ब्राउझरमध्ये पण नाही, लॅपटॉपवर अ‍ॅडोबचा रीडरच लागतो आणि वर पिवळी पट्टी येते तिथे जाऊन थ्रीडी चालू करावं लागतं, निम्मी पोरं इथेच ‘मॅडम, पांढरं दिसतंय’ म्हणून थांबतात. पण एकदा चालू झालं ना, मग मजा आहे. स्टेज १३ उघडा, स्किन पारदर्शक करा, हार्ट चक्क चेहऱ्याच्या खाली फुगून बसलेलं दिसतं. मग लिव्हर ऑफ करा, गट (म्हणजे आतड्याची नळी) एकटी ठेवा आणि माऊसने फिरवा. पुढच्या स्टेजेस एकामागे एक उघडत गेलात की गटचा लूप हळूहळू लांब होत नाळेत शिरलेला दिसतो, फिजिऑलॉजिकल हर्निएशन म्हणजे नक्की काय ते कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता खरी अडचण. अ‍ॅटलस स्टेज ७ पासून २३ पर्यंतच, म्हणजे दोन महिने झाले की खेळ खल्लास. गट पोटात परत येते दहाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे व्हायवात (तोंडी परीक्षेत) गटचं जे २७० डिग्री अँटिक्लॉकवाइज रोटेशन विचारतात त्यातले पहिले ९० इथे समजतात आणि उरलेले १८० पुन्हा फळ्यावरच, तेव्हा हे बघितलं की रोटेशन झालं असं समजून पुस्तक मिटू नका. आणि स्लाइड बघणं सोडू नका. मॉडेलमध्ये लिव्हर म्हणजे एकसारखा रंगवलेला गोळा, आतल्या पेशी काय करतायत ते सेक्शनमध्येच कळणार.

दोन महिन्यांच्या पुढचं हवं असेल तर पॅरिसच्या ग्रुपचं २०१७ चं काम शोधा, ६ ते १४ आठवड्यांचे ३६ एम्ब्रिओ आणि फीटस (दोन महिन्यांनंतरचा गर्भ). त्यांनी काप केलेच नाहीत, टिश्यू काचेसारखे पारदर्शक करून लाइट-शीट मायक्रोस्कोपने (प्रकाशाचा पातळ पडदा टाकून बघणाऱ्या) अख्खेच बघितले, हातातल्या नर्व्हज तर अशा दिसतात की बास. आणि फीटसचा मेंदू बघायचा तर आपल्या आयआयटी मद्रासचा ‘धरणी’ आहे, ५,१३२ सेक्शन्स, तोही ऑनलाइन फुकट. पण तो पीजीवाल्यांसाठी, फर्स्ट इयरला झेपणार नाही.

अ‍ॅमस्टरडॅमवाल्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पिवळ्या पट्टीसाठी कापला. फाइल्स जड आहेत, कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या नेटवर बसू नका.