शिवलेली वही, रिंगची वही की टॅबलेट?

सजवलेली रोजनिशी लिहायचं मनात आलं की पहिली खरेदी होते ती स्टिकर आणि वॉशी टेपची, म्हणजे नक्षीदार कागदी चिकटपट्टीची. आधी वही ठरवा. सजावट किती झेपेल हे तिच्या बांधणीवर आणि कागदावर ठरतं.

रोज लिहायचंच असेल, तर माझं मत शिवलेल्या ए५ वहीला. ती सपाट उघडते, पानांचा क्रम मोडत नाही आणि फसलेलं पानही निमूट जागेवर राहतं. अडचण येते ती चिकटवाचिकटवीत. तिकिटं, फोटो, वाळलेली पानं साठत गेली की वही फुगते आणि मिटेनाशी होते. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून एखादं पान कापून टाकायचं, पण शिवणीलगत बोटभर पट्टी ठेवून. पान मुळापासून ओढलं तर त्याचं जोडपान सुटतं.

कागद निवडताना फक्त जीएसएम बघून भुलू नका. तो आकडा वजनाचा, एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो याचा. शाई फुटेल की नाही ते कागदावरच्या प्रक्रियेवरही अवलंबून असतं. जपानचा टोमोए रिव्हर कागद जेमतेम ५२ जीएसएमचा, तरी फाउंटन पेनची शाई पेलतो. मागच्या पानावर सावली मात्र दिसते. साधा ८० जीएसएम कागद जेल पेनला पुरतो, पण त्यावर अल्कोहोल मार्करची शाई हमखास मागे उतरते. जलरंग वापरणार असाल तर १६० जीएसएमचा कागदही थोडा वळतो. पातळ गोंदानेही पान सुरकुततं, म्हणून ग्लू स्टिक बरी.

रंगकाम हाच मुख्य ओढा असेल तर रिंगची वही घ्या. पान बाहेर काढून रंगवता येतं, जाड-पातळ कागद एकत्र ठेवता येतात. डाव्या पानावर लिहिताना रिंगा हाताला टोचतात, ते सोसावं लागतं. मला खटकते ती दुसरीच गोष्ट: नको ते पान काढून टाकण्याची सोय. अशाने देखणी पानं उरतात, दिवस गळतात.

टॅबलेटवर खोडणं सोपं, स्टिकर संपत नाहीत, जुनं चटकन सापडतं. पण बसचं तिकीट त्यात चिकटत नाही. सतत प्रवासात असणाऱ्यांनी जरूर विचार करावा. बॅकअप तेवढा घेत राहा.

तारखा छापलेली की कोरी? रोज नेमाने लिहिणाऱ्याला छापील तारखा बऱ्या. इतरांना रिकामी पानं टोचत राहतात. नवख्याने ठिपक्यांची कोरी वहीच घ्यावी. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये लोकांपुढे आणलेली बुलेट जर्नलची मूळ पद्धतही अगदी साधी होती: ठिपके, रेघा आणि छोट्या नोंदी. नक्षीकाम लोकांनी नंतर चढवलं. तेव्हा आधी चार ओळी लिहा, उरलेल्या जागेत टेप लावा.

आणि दुकानाच्या पावत्या चिकटवणार असाल तर आधी त्यांची झेरॉक्स काढा. थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडून जातात.