जठराचा कॅन्सर: आधी आयएचसी की थेट एनजीएस?

बायॉप्सीच्या रिपोर्टवर नुसतं ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) लिहिलं असेल, तर चौथ्या स्टेजला तेवढ्यावर औषध ठरत नाही. २०१४ मध्ये टीसीजीए या कॅन्सरची जनुकं तपासणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाने २९५ गाठी तपासून चार प्रकार मांडले: एप्स्टाइन-बार विषाणूचे सुमारे ९ टक्के, एमएसआय (डीएनएतल्या चुका दुरुस्त न झाल्याने अस्थिर झालेले) २२, जनुकं स्थिर असलेले २०, आणि उरलेल्या निम्म्या गाठींत गुणसूत्रांची उलथापालथ. ओपीडीत मात्र या चार नावांवरून औषध लिहिलं जात नाही. ते ठरतं मोजक्या मार्करवरून, म्हणजे औषध लागू पडेल का ते सांगणाऱ्या खुणांवरून. ते शोधायचे दोन मार्ग.

आयएचसी म्हणजे स्लाइडवर प्रथिनं रंगवून पाहणं. निकाल काही दिवसांत, खर्च तुलनेने कमी. एनजीएस एका दमात शेकडो जनुकं वाचतं. त्याला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, पैसे आणि बायॉप्सीचा तुकडाही जास्त लागतो.

महाग तपासणीत स्वस्त तपासणीचं सगळं येतच असेल, असा घरच्यांचा समज असतो. इथे तसं नाही. पीडी-एल१ (इम्युनोथेरपीसाठी पाहतात ते) आणि क्लॉडिन १८.२ ही पेशीवरची प्रथिनं. ती स्लाइडवरच मोजावी लागतात. क्लॉडिनवर नेम धरणारं झोल्बेटुक्सिमॅब द्यायचं तर गाठीच्या किमान ७५ टक्के पेशींवर क्लॉडिन मध्यम ते ठळक दिसावं लागतं. हे जनुकांच्या रिपोर्टवरून कळणार नाही.

हर-टू या पेशीवरच्या, गाठ वाढवणाऱ्या प्रथिनाचंही पाहा. २०१० च्या टोगा चाचणीत हर-टू असलेल्या रुग्णांच्या केमोला ट्रास्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितके जगले तो काळ) ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. पण जठरात हर-टू अनेकदा गाठीच्या एका कोपऱ्यात असतं, दुसऱ्यात नसतं. म्हणून एंडोस्कोपीतच सहा-आठ तुकडे घ्यायला सांगावं. आयएचसी २+ (म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही) आलं, तर पुढे फिश, म्हणजे हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी, करावी लागते.

एमएसआय दोन्हीकडे कळतं (आयएचसीत एमएमआर या डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनांवरून), आणि ऑपरेशन शक्य असलं तरी ते आधीच विचारावं: या गटात नेहमीच्या केमोचा फायदा शंकास्पद आहे, इम्युनोथेरपीचा प्रतिसाद मात्र चांगला.

माझं मत: ब्लॉक (मेणात जपलेला बायॉप्सीचा तुकडा) छोटा असेल तर हर-टू, एमएमआर, पीडी-एल१, क्लॉडिन आधी उरकावं. उरलेल्यावर एनजीएस, आणि तेही पहिल्या औषधांची वाट न अडवता. तुकडाच संपला असेल, तर रक्तावरचं एनजीएस कामी येतं, पण गाठ रक्तात डीएनए कमी सोडत असेल तर ‘काही सापडलं नाही’ यावर भिस्त ठेवू नये.

ट्रास्टुझुमॅब निष्प्रभ ठरल्यावर बऱ्याच जणांत हर-टू नाहीसं होतं. ट्रास्टुझुमॅबला केमो जोडलेल्या ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान या पुढच्या औषधाचा विषय निघाला, की जुना ब्लॉक न धाडता नवी बायॉप्सी होईल का, हे विचारा.