आठ महिन्यांनंतर: कंट्रोलरच्या बटणांवर साउंड बदलणं

वाजवताना माऊसला हात लावायचा नाही, या एका हट्टापायी कीबोर्ड कंट्रोलरची (संगणकातले साउंड वाजवायच्या कीबोर्डची) बटणं मेनस्टेजला, म्हणजे कार्यक्रमात वाजवण्यासाठीच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरला, जोडायला घेतली. आठ महिन्यांनी एवढं कळलंय की सॉफ्टवेअरमधलं काम पाच मिनिटांचं असतं. डोकं खातं ते बटण, म्हणजे ते दाबल्यावर आतून नेमकं काय जातं ते.

जोडणी सोपी आहे. लेआउट मोडमध्ये स्क्रीनवर एक बटण ठेवायचं, 'लर्न' चालू करून कंट्रोलरचं बटण दाबायचं, मग एडिट मोडमध्ये त्याला 'नेक्स्ट पॅच' (पॅच म्हणजे तयार करून ठेवलेला एक साउंड) द्यायचं. फक्त हे मॅपिंग कॉन्सर्टच्या, म्हणजे सगळे पॅच असलेल्या फाइलच्या, पातळीवर करा. मी आधी एकाच पॅचवर केलं होतं. पुढच्या पॅचवर गेलो आणि बटण मुकं!

खरी फजिती पहिल्या कार्यक्रमात झाली. मुखड्यानंतर स्ट्रिंग्जवरून बासरीवर गेलो, छान. पीस संपला, पियानोसाठी बटण दाबलं तर काहीच नाही. घाबरून दोनदा दाबलं, तरी एकच पॅच पुढे गेला. अख्खा अंतरा अंदाजपंचे. घरी मिडी मॉनिटर (कीबोर्डकडून संगणकाला जाणारे मिडी संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. बटण टॉगलवर होतं: एकदा दाबलं की १२७ हा आकडा जातो, पुढच्या वेळी ०. सॉफ्टवेअर १२७लाच हलत होतं, म्हणजे दर दुसरं दाबणं वाया. कंट्रोलरच्या एडिटरमध्ये जाऊन बटण मोमेंटरी केलं. आता दाबताना १२७, सोडताना ०. तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. हा बदल कीबोर्डच्या मेमरीत सेव्ह करायला मात्र विसरू नका, मी विसरलो होतो.

बटणाचा सीसी (कंट्रोल चेंज) नंबर, म्हणजे ते पाठवत असलेल्या संदेशाचा क्रमांक, निवडताना १, ७, ११ आणि ६४ टाळा. ते अनुक्रमे मॉड्युलेशन, व्हॉल्यूम, एक्सप्रेशन आणि सस्टेनचे. २० ते ३१ मिडीच्या नियमावलीत मोकळे आहेत, मी तेच घेतले. पॅड (कंट्रोलरवरचे बोटाने वाजवायचे चौकोन) वापरणार असाल तर त्यांनाही सीसीवर न्या. नाहीतर पॅड नोट पाठवतं आणि साउंड बदलता बदलता खालचा एखादा सूर ठणकन वाजतो.

'नेक्स्ट-प्रीव्हियस' पुरतं का? गाणी ठरल्या क्रमाने चालली तर पुरतं. पण गायकाने ऐन वेळी एक गाणं गाळलं की आपण बटण बडवत बसतो. म्हणून हमखास लागणाऱ्या चार साउंडना प्रोग्राम चेंज (क्रमांकाने थेट ठरावीक साउंड बोलावणारा मिडी संदेश) पाठवणारी स्वतंत्र बटणं दिली. इथे एक खोच आहे: तारेतून क्रमांक जातात ० ते १२७, पण कितीतरी यंत्रं दाखवतात १ ते १२८. दोन्हीकडची मोजणी वेगळी असली की सगळं एक घर सरकतं आणि पियानोच्या जागी शेजारचा ऑर्गन उभा राहतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दाबून धरलेला सूर पॅच बदलल्यावर तुटत नाही. उजव्या हाताने स्ट्रिंग्जचा कॉर्ड धरायचा, डाव्याने बटण दाबायचं. कॉर्ड जुन्याच आवाजात रेंगाळतो आणि नवी नोट बासरीत येते. या एका सोयीसाठी सगळी खटपट वसूल. एकच जड पियानो अनेक पॅचमध्ये लागत असेल तर तो 'पेस्ट ॲज एलियस'ने (नवी प्रत न करता मूळ साउंडचाच दुवा देऊन) टाका, मेमरी वाचते. पॅचच्या आवाजाची पातळी आधी जुळवून घ्या, हे वेगळं सांगायला नको.

अंधारात बटणांवरची अक्षरं दिसत नाहीत. मी 'नेक्स्ट'वर जाड टेपचा तुकडा चिकटवलाय, बोटाला लगेच लागतो. पॅनिकचं (सगळे सूर एकदम बंद करणारं) बटण आधी त्याच्या शेजारीच होतं. एकदा भर आलापात दाबलं गेलं, सगळे सूर गप्प. आता ते पार दुसऱ्या टोकाला आहे.