शाळा बुडवणं: इंग्लंडची प्रायमरी आणि आपली जिल्हा परिषद शाळा

इंग्लंडला शिफ्ट होणाऱ्यांनी हे आधी वाचा, कारण तिकडे "लग्न आहे हो, आठवडाभर येणार नाही" हे चालत नाही. हजेरी दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, आणि 10 शाळेच्या आठवड्यांत 10 सेशन्स, म्हणजे पाच दिवस, परवानगीशिवाय बुडाले की दंडाचा विचार सुरू होतो. ऑगस्ट 2024 पासून 80 पौंड, 21 दिवसांत नाही भरले तर 160, आणि हा प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे, म्हणजे आईबाबा आणि दोन पोरं असतील तर सरळ 320 पौंड, त्यात सुट्टीऐवजी शाळेच्या दिवसांत गेल्याने मिळालेल्या स्वस्त तिकिटाचा फायदा कुठच्या कुठे गेला! दिवाळीचा एक दिवस धार्मिक सण म्हणून सहसा मिळतो, पण गणपतीला कोकणात जाऊन दहा दिवस राहणं विसरा.

आपल्याकडे उलट. शिक्षण हक्क कायदा 2009 म्हणतो की मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य, पण दंड कुठेच नाही, आणि आठवी होईपर्यंत शाळा मुलाला काढूनही टाकू शकत नाही. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस शाळा भरायलाच हवी, पोरगं आलं नाही तर गुरुजी घरी जाऊन आणणार, बाकी भरवसा दुपारच्या खिचडीवर. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तिथे दंड लावून काय मिळणार होतं? मला आपली पद्धत जास्त माणुसकीची वाटते, फक्त सुखवस्तू घरातले लोक त्याचा गैरफायदा घेतात हेही खरंय.